'सातोगाएरी'ला माहेरी जाणं म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : एका जपानी बालकथेत आई चार वर्षांच्या मुलीला घेऊन 'सातोगाएरी'ला निघते. मराठी अनुवादात तिथे 'माहेरी जाणे' चालेल का? आणि मग मुलगी कुठे जाते?

आईपुरतं 'माहेरी जाणे' अगदी चपखल आहे. 'सातो' म्हणजे मूळ गाव, मूळ घर आणि 'काएरी' म्हणजे परतणं. जोडशब्दात 'का'चा 'गा' होतो. लग्नानंतर नवरीनं पहिल्यांदा आईवडिलांकडे येणं, हा त्याचा जुना अर्थ. बाळंतपणाला माहेरी येण्याला आजही 'सातोगाएरी शुस्सान' म्हणतात, आणि ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. नववर्षाला किंवा ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पूर्वजांच्या सणाला शहरातली माणसं मूळ गावी जातात, त्याला शब्द वेगळा : 'किसेई'. तिथे सरळ 'गावी जाणे' लिहावं. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात, तसंच ते.

मुलीचा प्रश्न मला जास्त आवडला. ती म्हणेल, 'ओबाआचान्ची नि इकु', आजीच्या घरी जायचं. (शेवटचं 'ची' हे 'उची' म्हणजे घर, त्याचं बोलण्यात झिजलेलं रूप.) आई मात्र म्हणेल, 'जिक्का नि काएरु', आईवडिलांच्या घरी परतायचं. 'इकु' म्हणजे नुसतं जाणं, 'काएरु' म्हणजे आपल्या ठिकाणी परतणं. घर एकच, पण आईचं क्रियापद वेगळं आणि लेकीचं वेगळं. मराठीत दोघी 'जातात'च. आपण फरक नामात ठेवला आहे. म्हणून मी लिहीन : आई माहेरी निघाली, मुलगी आजोळी.

'आजोळ' लिहिण्याआधी एक खात्री करा. जपानीत आईची आई आणि वडिलांची आई, दोघीही 'ओबाआसान'. 'ओजिसान'चंही तेच, त्यात काका आणि मामा दोघं येतात. लिहिताना चित्रलिपीतली अक्षरं बदलतात, पण ती आईबाबांपेक्षा थोरला की धाकटा यावरून. तेव्हा मामा की काका, हे कथेतूनच शोधावं लागेल.

दारातला प्रसंगही जपून उतरवा. बूट काढता काढता आई 'तादाइमा' म्हणते. शब्दशः 'आत्ताच', म्हणजे 'आले गं!'. आतून आजी 'ओकाएरी' म्हणते, आणि त्यातही तोच 'काएरी' आहे. पाहुण्यांना कुणी 'ओकाएरी' म्हणत नाही. इथे 'या, या' किंवा 'स्वागत आहे' लिहिलंत तर लेक परकी होईल. आपल्याकडची आई म्हणते तसं 'आलीस बाई!' लिहा.

कथा ओबोनची असेल तर काकडीला काड्यांचे चार पाय टोचून केलेला घोडा आणि वांग्याची गाय बहुधा भेटेल. पूर्वज घोड्यावरून लवकर यावेत आणि गायीवरून सावकाश जावेत, म्हणून. त्यांच्या येण्यालाही जपानी माणूस 'काएत्ते कुरु' म्हणतो. तिथे नुसतं 'येतात' नको, 'घरी परत येतात' असं लिहा.