लहान आतडं कापल्यावर हॉर्मोनच्या इंजेक्शनने ते परत वाढतं का?

कापलेलं आतडं परत उगवत नाही. उरलेल्या आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे लांब होतात, शोषण सुधारतं, एवढंच.

पण मी उत्तर लिहायला बसले ती तुम्ही या प्रश्नासोबत काकांबद्दल जे लिहिलंय त्यामुळे. काकांचं नव्वद सेंटिमीटर जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) उरलंय, आतड्याचं टोक पोटावर काढून त्याला पिशवी लावलीय, ती रोज तीन लिटर भरते आणि 'भरपूर पाणी द्या' म्हणून पाणी, शहाळी, उसाचा रस चालू आहे. हा मारा आधी थांबवा, इंजेक्शनचं नंतर.

जेजुनमचं अस्तर गळकं असतं. त्यात साधं पाणी गेलं की रक्तातलं सोडियम आतड्यात उतरतं आणि त्याच्यामागे पाणीही. पिशवीतल्या एका लिटरबरोबर साधारण सहा ग्रॅम मीठ जातं. तीन लिटरचा हिशोब तुम्हीच करा. मीठ गेलं की तहान लागते, तहान लागली की घरचे पाजतात, पिशवी आणखी भरते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. उसाचा रस इतका गोड की तो उलट आतड्यात पाणी ओढतो.

असाच एक पेशंट आमच्याकडे होता. नातेवाईक प्रेमाने शहाळ्यांचा ढीग लावायचे, रात्री सलाईन, सकाळी पुन्हा जीभ कोरडी. लघवीतलं सोडियम लिटरला 20 मिलिमोलच्या खाली, म्हणजे शरीर मिठासाठी तडफडतंय. मी पाणी कमी करा म्हटलं, तर 'आहारवालीने आहाराचं बघावं' असं तिथल्या साहेबांनी ऐकवलं. शेवटी साधं पाणी अर्ध्या लिटरवर आणलं, बाकी सगळं मीठ-द्रावण. पिशवी उतरली, सलाईन सुटलं. पाणी हाही आहारच आहे, हे त्या साहेबांना अजून पटलंय की नाही देव जाणे.

द्रावण असं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. डिजिटल काट्यावर मोजा, चमच्याचा भरवसा नाही. बेकिंग पावडर चालत नाही. गार करून दिवसभर घोट घोट प्यायचं, घटाघटा नाही. खारट लागतं, लागू दे. रोज ताजं करा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ओआरएसमध्ये लिटरला 75 मिलिमोल सोडियम असतं, इथे 90 च्या आसपास हवं. म्हणून त्या एक लिटरात एक ग्रॅम मीठ वाढवलं तरी काम होतं. चहा, ताक, साधं पाणी हे सगळं मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटर, तेही जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर.

खाण्यात भीती नको. मोठं आतडं जोडलेलं नाही, तेव्हा तेल-तूप तोडायचं कारण नाही. पांढरा रस्सा मीठ टाकून भाताबरोबर खुशाल द्या, मिरचीचा कट तेवढा जपून. सहा वेळा थोडं थोडं, एकूण पूर्वीच्या दीडपट. पुढे मोठं आतडं जोडलं तर मात्र नियम फिरतात: स्निग्ध कमी, भात-भाकरी जास्त, पालक आणि शेंगदाणे कमी, नाहीतर ऑक्झलेटचे मुतखडे. अशा पेशंटने साखर-गूळ जास्त खाल्ला की कधी कधी डी-लॅक्टिक आम्ल वाढून माणूस न पिता झिंगल्यासारखा बोलतो.

लोपेरामाइड, म्हणजे आतड्याची गती मंदावणारं जुलाबाचं औषध, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, जेवल्यावर नाही. कॅप्सूल पिशवीत अख्खी दिसली तर डॉक्टरांना विचारून उघडून द्या. डोस मनाने वाढवू नका, हृदयाची लय बिघडते. पहिले सहा महिने जठरातलं आम्ल जास्त सुटतं, त्याची गोळी लागते. लहान आतड्याचं शेवटचं टोक गेलंय म्हणून बी-12 चं इंजेक्शन आयुष्यभर. मॅग्नेशियम तपासाच, बरेच जण विसरतात.

आता हॉर्मोन. ग्रोथ हॉर्मोनला अमेरिकेत 2003 मध्ये यासाठी मान्यता मिळाली, ग्लुटामिन या अमिनो आम्लासोबतही वापरलं. अंगावर सूज, सांधेदुखी, आणि वजन वाढलेलं बरंचसं पाण्याचं. बंद केलं की फायदा ओसरतो. मी तरी त्यावर पैसे घालू देणार नाही. टेड्यूग्लुटाइड वेगळं. जीएलपी-2 या आतड्याच्याच हॉर्मोनची ती टिकाऊ नक्कल, 2012 पासून मान्य, रोज त्वचेखाली किलोला 0.05 मिलिग्रॅम. मुख्य चाचणीत शिरेतून द्यायच्या पोषणाचं प्रमाण निदान 20 टक्के घटलेले रुग्ण 63 टक्के होते, खोट्या इंजेक्शनवर 30 टक्के. म्हणजे ते टीपीएनवर (शिरेतून दिलं जाणारं पोषण) अडकलेल्यांसाठी आहे. काकांना टीपीएन आहे की नुसतं सलाईन, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. नुसतं सलाईन असेल तर आधी मीठ-द्रावण नीट पाळून बघा. शिवाय उरलेलं आतडं पहिली एक-दोन वर्षं स्वतःहूनही जुळवून घेतं. पोटातल्या अवयवांचा कर्करोग असेल तर हे औषध देत नाहीत, मोठं आतडं असेल तर आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे त्याची दुर्बिणीने तपासणी. आणि शोषण सुधारल्यावर सलाईन कमी केलं नाही, तर छातीत पाणी भरतं.

हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, मधुमेह असेल, तर वरचं मीठ आणि ग्लुकोज डॉक्टरांना दाखवूनच. पिशवी आणि लघवी दोन्ही मोजून वहीत लिहा. लघवी दिवसाला 800 मिलीच्या खाली नको. टीपीएन असेल आणि ते जोडल्यावर थंडी वाजून ताप आला, तर साधा ताप समजून पॅरासिटामॉल देत घरी बसू नका. नळीत जंतू शिरल्याची ती खूण असते, त्याच रात्री दवाखाना गाठा.