क्रॉलरला ‘रांगक’ म्हणावं का?

इचलकरंजीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: “एआय क्रॉलर संकेतस्थळांवर येऊन काय करतात, यावर कॉलेजच्या वार्षिकांकात लेख लिहिते आहे. क्रॉलरला ‘रांगक’ लिहिलं तर चालेल का? मैत्रीण ‘सरपट्या’ सुचवते. सर म्हणतात, क्रॉलरच ठेव.”

मी सरांच्या बाजूचा आहे, पण अर्धाच.

मराठीत रांगतं ते बाळ. रांगण्यात संथपणा आहे, शिकाऊपणा आहे आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांतलं कौतुकही आहे. सरपटतो तो साप. क्रॉलर हा आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तो यातलं काहीच करत नाही. एक पान मागायचं, त्यातले दुवे टिपायचे, त्या दुव्यांवरची पानं मागायची, असं तो अखंड करत राहतो आणि फार वेगाने करतो. इंग्रजीत वेब म्हणजे कोळ्याचं जाळं, म्हणून तिथे क्रॉल शोभतं. स्पायडर हाही शब्द तिथे चालतो. आपल्याकडं जाळं म्हटलं की आधी मासे आठवतात आणि कोळी म्हटलं की नदीत जाळं टाकणारा माणूस.

मला स्वतःला ‘फिरस्ता’ हा शब्द पटतो, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. १९९३ मध्ये एमआयटीत मॅथ्यू ग्रे याने वेब केवढं आहे हे मोजायला एक प्रोग्रॅम लिहिला. या जातीतल्या अगदी पहिल्या प्रोग्रॅमांपैकी तो एक, आणि त्याचं नाव होतं ‘वर्ल्ड वाइड वेब वाँडरर’. वाँडरर म्हणजे फिरस्ताच की! शिवाय हा शब्द मराठीच्या व्याकरणात वळतो: फिरस्ते आले, फिरस्त्याने पान मागितलं, फिरस्त्यांना अडवलं. नव्या शब्दाची मी हीच परीक्षा घेतो. विभक्ती लावताना अडखळला, तर तो बोलण्यात टिकत नाही. (फिरस्ता आणि फरिश्ता यांची गल्लत मात्र नको. फरिश्ता म्हणजे देवदूत, शब्द फारसी.)

पण एवढ्यावर भागत नाही, हे मला स्वतःच्या अनुभवावरून कळलं. करवीर, कागल, भुदरगड भागातले शेतीचे शब्द गोळा करून मी एक लहानसं संकेतस्थळ चालवतो. शब्द साडेचारशे. एका सकाळी ते उघडेना. सर्व्हरची नोंदवही काढली, तर पहाटेपासून एकाच फिरस्त्याच्या ओळी. पहिली मागणी रोबॉट्स.टीएक्सटीची (कुठली पानं मागू नयेत हे फिरस्त्यांना सांगणारी फाइल), मग मुखपृष्ठ, मग ‘कुरी’, ‘शिवळ’, ‘सरवा’. इथवर सगळं रीतसर. त्यानंतर तो यादीच्या चाळणीत (फिल्टरमध्ये) शिरला. तालुक्यानुसार, अकारविल्हे, अवजारानुसार अशा चाळण्या मी वाचकांच्या सोयीसाठी केल्या होत्या, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की दर वेळी नवा पत्ता तयार होतो. माणूस दोन-तीनदा टिचकी मारून थांबतो. हा थांबला नाही. तेच साडेचारशे शब्द त्याने हजारो पत्त्यांवरून पुन्हा पुन्हा मागितले.

याला फिरणं कसं म्हणायचं? काहींनी ‘टोळधाड’ सुचवली. टोळ पीक खाऊन जातात, मागे काही उरत नाही. इथे शब्द जागच्या जागी होते, फक्त दुसऱ्या कुणाला ते मिळत नव्हते. यासाठी आपल्या कोल्हापुरात रोजच्या वापरातला शब्द आहे: उपसा. नदीवर मोटारी बसवून पाणी उचलतात तो उपसा. एकानेच भरमसाट केला तर नदी आटून जात नाही, पण खालच्या गावाला पाणी पोचत नाही. ‘स्क्रेपिंग’ला, म्हणजे प्रोग्रॅमने संकेतस्थळावरचा मजकूर काढून नेण्याला, कुणी ‘खरवडणे’ लिहितात. तळाशी लागलेलं काढताना ते ठीक, घाऊक नेण्यासाठी उपसाच नेमका बसतो.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलेली गोष्ट याच शब्दात चपखल बसते. जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडून चित्रं-चित्रफिती उतरवून घेण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला होता. पाहिलेल्या पानांत बॉटचा, म्हणजे अशा आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांचा, वाटा सुमारे ३५ टक्के, पण सगळ्यांत खर्चिक वाहतुकीत ६५ टक्के. कारण माणसं बहुधा लोकप्रिय पानं बघतात आणि ती जवळच्या साठ्यातून मिळतात. बॉट कोपऱ्यातली, कुणी न उघडलेली पानंही मागतात, ती मूळ केंद्रातून आणावी लागतात. माणूस गल्लीतल्या नळावर पाणी भरतो, बॉट थेट मुख्य टाकीला मोटार लावतो.

मग ‘उपसाबंदी’ कशाला म्हणायचं? उन्हाळ्यात पाटबंधारे खात्याची उपसाबंदी लागते, हे तुमच्या घरीही माहीत असेल. रोबॉट्स.टीएक्सटीला मी तो शब्द वापरणार नाही. ती पद्धत मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने ती प्रमाण झाली. हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे, असं त्या दस्तऐवजातच लिहिलं आहे. म्हणजे ती मनाईची पाटी. पाळायची की नाही हे येणाऱ्यावर. सर्व्हरच ४०३ (मनाई) किंवा ४२९ (फार मागण्या झाल्या) असं उत्तर देऊन पान नाकारतो, ती उपसाबंदी. लेखात हे दोन शब्द वेगळे ठेवा, कारण पाटी लावली म्हणजे दार बंद झालं असं पुष्कळांना वाटतं. फिरस्ता सांगतो ते नावही तसंच. जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, सीसीबॉट ही नावं मागणीसोबत येतात खरी, पण ती कुणीही लावू शकतं. खात्री करायची तर कंपनीने जाहीर केलेल्या आयपी पत्त्यांशी ताडून बघावं लागतं. आणि ‘गूगल-एक्स्टेंडेड’ तर फिरस्ता नाहीच. त्या नावाने कुणी येत नाही, गूगलच्या एआयसाठी मजकूर वापरू नका असं सांगायला ते फक्त पाटीवर लिहायचं नाव आहे.

क्रियापदंही सांभाळा. ‘क्रॉलरने संकेतस्थळाला भेट दिली’ हे वाक्य मला खटकतं. भेटीला दोन माणसं लागतात. ‘येऊन गेला’, ‘पान मागितलं’, ‘पान नेलं’ लिहा. ‘पान वाचलं’ तर मुळीच नको. माझ्या संकेतस्थळावर शब्दाला बोट लावलं की अर्थ उघडायचा, आणि तो जावास्क्रिप्टने (पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) यायचा. एआयचे बरेच फिरस्ते जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. त्या पहाटे गेलेली ‘सरवा’ची पानं मी जशीच्या तशी काढून पाहिली. त्यात शब्द होता, तालुका होता. काढणीनंतर शेतात राहिलेली कणसं-शेंगा वेचणे हा अर्थ नव्हता. फार लागलं मनाला. आता चाळण्यांवर मनाईची पाटी आहे आणि अर्थ साध्या पानातच लिहिले आहेत. आपले शब्द नेणार असतील तर अर्थासकट न्यावेत.

एक प्रकार उरला. चॅटजीपीटी-युजरसारखे काही बॉट आपणहून फिरत नाहीत. कुणी प्रश्न विचारला, दुवा दिला, की तेवढं पान आणायला येतात. माणसाने धाडलेले असे प्रोग्रॅम साधारणपणे रोबॉट्स.टीएक्सटी बघत नाहीत, असं गूगलने आपल्या प्रोग्रॅमांबद्दल लिहूनच ठेवलं आहे. त्यांना फिरस्ता म्हणू नका. मी सध्या ‘सांगकाम्या’ म्हणतो. सांगितलं तेवढंच करणारा.

तेव्हा पहिल्या परिच्छेदात ‘क्रॉलर, म्हणजे फिरस्ता’ असं एकदा लिहा आणि पुढे फिरस्ताच चालवा. सरांनाही वाचून दाखवा: “रात्री तीन फिरस्ते येऊन गेले, दोघांनी पाटी पाळली, तिसऱ्याने उपसा केला म्हणून उपसाबंदी लावली.”