‘मोमो’ ही मुलांची कादंबरी मोठ्यांनाही इतकी का भिडते?

तुम्ही लिहिलंय की मुलीसाठी ‘मोमो’ विकत घेतलं, दुकानात ते बालविभागात होतं, आणि ऑफिसातला मित्र मात्र ‘आधी तूच वाच’ म्हणून मागे लागलाय. चाळिशीच्या माणसाला परीकथेत काय सापडणार, हा तुमचा प्रश्न. मित्राचं ऐका. निदान सहावं प्रकरण तरी वाचाच, मग बाकीचं आपोआप वाचाल.

थोडक्यात गोष्ट अशी. एका शहराच्या कडेला पडक्या जुन्या रंगमंडलात मोमो नावाची एक अनाथ मुलगी येऊन राहते. तिला एकच गोष्ट उत्तम येते, समोरच्याचं ऐकून घेणं. त्याच शहरात राखाडी कोट घातलेले, सतत सिगार ओढणारे काही गृहस्थ लोकांना वेळ वाचवायला शिकवत फिरतात आणि वाचवलेला वेळ स्वतःच गिळंकृत करतात. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाने हे इटलीत, रोमजवळ राहत असताना लिहिलं. १९७३ साली पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा बालसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. एंडेने मात्र त्याला ‘परीकथा-कादंबरी’ म्हटलं होतं, वाचकाचं वय सांगितलं नव्हतं.

आता ते सहावं प्रकरण. फुसी नावाचा न्हावी दुकानाच्या दारात उभा आहे. पाऊस पडतोय, गिऱ्हाईक नाही, आणि आपलं आयुष्य कैची, बडबड नि साबणाच्या फेसात चाललंय असं त्याला वाटून जातं. तेवढ्यात राखाडी गृहस्थ येतो आणि आरशावर हिशेब मांडायला लागतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद, वर्षाचे ३,१५,३६,०००. फुसीचं वय ४२. मग वजाबाकी सुरू. झोपेचे रोज आठ तास, कामाचे आठ, जेवणाचे दोन. म्हाताऱ्या, कानाने अधू आईशी बोलत बसण्याचा एक तास. पोपटाची पाव तास देखभाल. बाजारहाट आणि घरकामाचा एक तास. गाणं, मित्र, वाचन यांचे तीन. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या डारियाला रोज एक फूल नेऊन देण्याचा अर्धा तास. रात्री खिडकीत बसून दिवसभराचा विचार करण्याचा पाव तास. बेरीज होते १,३२,४५,१२,००० सेकंद. बरोबर ४२ वर्षं. शिल्लक शून्य.

कागद-पेन्सिल घेऊन ही बेरीज करून बघा, आकडा चोख जुळतो. आणि तिथेच सगळी मेख आहे. कोणाचाही, कुठल्याही वयाचा असा हिशेब मांडला तर शिल्लक शून्यच येणार, कारण जगलेला प्रत्येक तास कशात ना कशात गेलेलाच असतो. पण फुसीला वाटतं, आपण कफल्लक झालो. त्या प्रकरणाचं नावच ‘हिशेब चुकीचा, तरी जुळतो’ अशा अर्थाचं आहे. फुसी आईला स्वस्तातल्या वृद्धाश्रमात ठेवतो, पोपट विकून टाकतो, डारियाला वेळ नसल्याचं कळवतो. त्याने कुठे सहीसुद्धा केलेली नसते. सिगारचा धूर विरला की तो माणूस येऊन गेल्याचंच फुसी विसरतो. लक्षात राहतो तो फक्त निश्चय, आणि तो आपण स्वतःच केला असं त्याला वाटतं.

नऊ वर्षांच्या मुलीला इथे चोर दिसतो आणि ती घाबरते. आपल्याला हिशेब दिसतो, आणि आपण घाबरतो ते हा हिशेब आपणही मांडून बसलोय म्हणून. आईला रोज करायचा फोन आठवड्यावर नेताना आपल्यालाही तो आपला शहाणपणाचा निर्णय वाटलेला असतो. वाक्यं तीच, पान तेच. मुलांसाठी वरची गोष्ट आणि मोठ्यांसाठी खाली पुरलेला अर्थ, अशी विभागणी एंडे करत नाही, आणि मला वाटतं या पुस्तकाची सगळी ताकद यातच आहे. जादूचे नियमसुद्धा असेच आहेत. कॅसिओपिया नावाचं कासव मोमोला काळाच्या राखणदाराकडे, आचार्य होराकडे घेऊन जातं. वाटेत एक वस्ती लागते, तिथे जितकं सावकाश चालावं तितकं लवकर पोचता येतं. मागे लागलेले राखाडी लोक गाड्या भरधाव सोडतात आणि जागच्या जागी राहतात. मुलं इथे टाळ्या वाजवतात, पाठलाग म्हणून तो आहेच तसा झकास. मोठ्यांना त्यावर वेगळं भाष्य लागत नाही.

मला सगळ्यात जास्त हलवतो तो प्रसंग मोमोचा मित्र नीनो याच्या खाणावळीचा. पूर्वी तिथे म्हातारे तासन् तास एका पेल्यावर बसायचे. मोमो होराकडून वर्षभराने परत येते तेव्हा तिथे काचेचं झगमगीत सेल्फ सर्व्हिस झालेलं असतं. नीनो गल्ल्यावर. त्याच्याशी बोलायचं तर ट्रे घेऊन रांगेत उभं राहायला हवं. गल्ल्यापाशी पोचलं की दोन-चार वाक्यं होतात, मागचे ओरडतात, पुढे सरकावं लागतं. म्हणून ती पुन्हा रांगेत उभी राहते, पुन्हा ट्रे भरते, पुन्हा खाते. तीन फेऱ्यांत पोट तुडुंब भरतं आणि मित्रांची खबर मिळते ती अर्धीमुर्धी. दादरच्या किंवा पुण्याच्या कुठल्याही गर्दीच्या उडप्यात उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. लक्षात घ्या, नीनो वाईट माणूस नाही. त्याला मोमोशी बोलायचं असतं. मागे रांग आहे, एवढंच. एंडे मोठ्या माणसांवर चिडत नाही, आणि मुलांच्या पुस्तकात हे फार कमी वेळा सापडतं.

होरा काळाविषयी समजावतो ती पानं थोडी जड आहेत, मुलगी तिथे चुळबुळ करेल. तिथे तीन भावांचं कोडं आहे, ते तिला सोडवायला द्या. बोलकी बाहुली बीबीगर्ल येते ते प्रकरण मात्र गाळू नका. ‘मला आणखी वस्तू हव्यात’ असं पुन्हापुन्हा म्हणणाऱ्या त्या बाहुलीपुढे, सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या मोमोला पहिल्यांदा कंटाळा येतो. आज मुलांच्या हातात जे काही असतं त्याबद्दल बोलायला याहून सोपी सुरुवात मला तरी माहीत नाही.

तुम्ही आधी वाचावं की तिच्याबरोबर, असंही विचारलंय. बरोबरच वाचा, मोठ्याने, रोज एक प्रकरण. इंग्रजी भाषांतर सोपं आहे, वाचता वाचता मराठीत सांगता येतं. फक्त सहाव्या प्रकरणाच्या दिवशी आकडे पटकन वाचून पुढे जाऊ नका. तिला वही द्या आणि बेरीज तिलाच करू द्या.