पियानोवर पोट भरेल का?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: छंद म्हणून ठीक आहे, पण त्यावर पोट भरेल का? ओळख पटू नये इतपत तपशील बदलून पुण्यातल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते.

मुलगी १६ वर्षांची. लंडनच्या बोर्डाची पियानोची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने पास. आता तिला जर्मनीत जाऊन पियानोच शिकायचा होता. वडिलांनी सायन्सला ॲडमिशन घेऊन टाकली होती. आई दोघांच्या मधे. वडिलांनी थेट विचारलं, “मॅडम, जगात किती जणांचं होतं हो यात?”

खरं उत्तर, फार थोड्यांचं. वॉर्सॉची शोपँ ही पियानोची नावाजलेली स्पर्धा ५ वर्षांतून एकदा होते, आणि १९९० व १९९५ साली तर पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नव्हतं. शिवाय व्हायोलिनवाल्याला ऑर्केस्ट्रात पगाराची खुर्ची मिळू शकते, पियानोवाल्याला तशी कायमची जागा क्वचितच असते. बहुतेकांचं घर शिकवण्यावर, गायकांना आणि वादकांना साथ करण्यावर चालतं. मैफली अधूनमधून. वडिलांना मी हे सगळं सांगितलं. गोड बोलून पालकांचा विश्वास मिळत नाही.

हे बोलणं चाललं असताना मुलीने पाण्याची बाटली उजव्या काखेत दाबून धरली आणि झाकण डाव्या हाताने फिरवलं. मुलगी उजव्या हाताची. आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

मनगटापासून कोपरापर्यंत दुखत होतं, कित्येक आठवडे. घरी डिजिटल पियानो, हलक्या पट्ट्यांचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन लावून रात्री रियाज. रविवारी क्लासमध्ये ग्रँड पियानोवर बसली की त्या जड पट्ट्यांवर सगळा जोर. त्यात शोपँ या संगीतकाराच्या ओपस १० या संचातली दुसरी एट्यूड, म्हणजे बोटांच्या कसरतीची रचना, घेतलेली. तीत उजव्या हाताच्या शेवटच्या ३ बोटांनी सलग धावायचं असतं, आणि अंगठा व तर्जनीने मधेमधे सूर लावायचे असतात. “घरी सांगितलं का नाहीस?” “बाबा म्हणतील, बघ, हातच नाही म्हणतोय. आणि सर एट्यूड काढून घेतील.”

पोटापाण्याची चर्चा मी तिथेच थांबवली. घरात रोज ‘जमेल का’ची सुनावणी चालली, की मूल आपल्याविरुद्ध जाणारा प्रत्येक पुरावा लपवतं, दुखणंसुद्धा. वादकाच्या हाताचं दुखणं अंगावर काढण्यासारखं नसतं. लिऑन फ्लायशर हा अमेरिकी पियानिस्ट कारकीर्द ऐन भरात असताना, १९६०च्या दशकात, उजव्या हाताची बोटं वळू लागल्याने अडकला आणि कित्येक वर्षं फक्त डाव्या हाताने वाजवत राहिला. हिचं प्रकरण तसं नव्हतं. डॉक्टरांनी अतिवापराची सूज सांगितली. फिजिओ, काही दिवस पूर्ण विश्रांती, मग थोडा थोडा रियाज. वडिलांना मी एकच अट घातली: बरं होईपर्यंत ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. त्यांनी ती पाळली, असं आई सांगते.

हात सुधारल्यावर करिअरचं बोललो. आठवी ग्रेड म्हणजे शिखर, असा दोघांचाही समज होता. जर्मन संगीत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत साधारण बाख या संगीतकाराची एक रचना, एक अभिजात सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), एट्यूड आणि नंतरच्या काळातली एखादी रचना पाठ वाजवावी लागते; ग्रेड ही त्याआधीची पायरी. म्हणून तिला न ओळखणाऱ्या, तिच्या फीवर न जगणाऱ्या एका जाणकाराला ऐकवायला सांगितलं. त्यांचं मत पडलं, ‘कान उत्तम, स्वरलिपीचं वाचन कच्चं, २ वर्षं तरी लागतील.’ वडिलांना हे उत्तर आवडलं. त्यात मुदत होती.

खर्चाचाही अंदाज काढला. तिथल्या बऱ्याच सरकारी संस्थांत शिकवण्याची फी नाममात्र असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो. खरा भार राहण्याखाण्याचा. व्हिसासाठीच वर्षाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात.

सायन्स सोडून तिने आर्ट्स घेतलं, बारावी पूर्ण करण्याच्या बोलीवर. मॅक्स म्युलर भवनात जर्मन चालू आहे. परीक्षेला कोणती एट्यूड घ्यायची यावरून सध्या तिचं आणि सरांचं वाजलंय. तो वाद माझ्याकडे आणायचा नाही, असं मी दोघांनाही बजावून ठेवलंय.