स्टे उठेल म्हणून बियाणं घेऊन ठेवू नका

प्रश्न असा आलाय : "साहेब, जीएम मोहरी कोर्टाने अडवली म्हणतात. आमच्याकडे एक जण एचटीबीटी कपाशीची पाकिटं घेऊन फिरतोय, म्हणतो याच्यावर पण नुसता स्टेच आहे, उठेल, आत्ताच घेऊन ठेवा. घ्यावं का? आणि वडिलांच्या काळातला एंडोसल्फानचा डबा गोठ्यात आहे, तो वापरला तर चालेल का?"

दोन्हीला नाहीच. (जीएम म्हणजे जनुकं बदललेलं वाण, एचटीबीटी म्हणजे तणनाशक सहन करणारी जीएम कपाशी, आणि एंडोसल्फान हे कीटकनाशक.)

मोहरीची गोष्ट वेगळी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या डीएमएच-११ या जीएम वाणाला जीईएसीने, म्हणजे जीएम वाणांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीने, ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणात सोडायची मंजुरी दिली, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सुप्रीम कोर्टाने आहे तसं ठेवा सांगितलं, मग २३ जुलै २०२४ ला दोन न्यायमूर्तींचा निकाल आला तर तो पण फुटला, न्या. नागरत्ना म्हणाल्या मंजुरी चुकीची, न्या. करोल म्हणाले बरोबर, म्हणून मोठ्या बेंचकडे पाठवायचं ठरलं. म्हणजे तिथं आधी मंजुरी होती आणि तिच्यावर भांडण लागलं.

एचटीबीटी कपाशीला ती मंजुरीच कधी मिळालेली नाही. मग स्टे कशावर, आणि उठणार काय? तो फिरता माणूस तुम्हाला मोहरीची बातमी दाखवून कपाशी विकतोय. पाकीट उलटं करून बघा, लॉट नंबर, उगवण टक्का, कंपनीचा पत्ता काही असतं का, आणि पक्कं बिल दे म्हटलं की तो हसतो. उद्या उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे काय ठेवणार? बिल नसलं की पंचनाम्याला आम्हा कृषी खात्यातल्यांना पण काही धरता येत नाही.

आता "अंतरिम" शब्दावर येतो, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतचा आदेश, स्टे पण तसलाच; कारण अंतरिम म्हणजे चार दिवसांचं असं सगळेच धरून चालतात. एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टाने १३ मे २०११ ला बंदी घातली ती अंतरिम आदेशानेच, केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने फवारलेल्या औषधाचे परिणाम लोकांच्या अंगावर दिसत होते. तयार करणं, विकणं, वापरणं सगळंच बंद. मी तेव्हा नोकरीत नवा, ऐन खरिपाच्या तोंडावर दुकानादुकानात डबे मोजून साठा रजिस्टरला नोंद करत फिरायचो, आणि प्रत्येक दुकानदार विचारायचा, साहेब पेरणीपर्यंत सुटेल ना. नाही सुटलं. आणि बैलगाडा शर्यत आठवा, डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली पण शेवटचा निकाल मे २०२३ ला आला, तोवर सगळा कारभार अटी-शर्तींवरच.

त्यामुळे तो गोठ्यातला डबा उघडू नका, फवारू नका, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. पोरं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा जागी उभा ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला कळवा. तसंही एवढ्या वर्षांत तो एक्स्पायर झालाय, कोर्ट नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

कपाशीचं बियाणं लायसन्सवाल्या कृषी केंद्रातूनच घ्या, आणि पाकिटाचा कोपरा कापताना लेबल शाबूत ठेवा.