दुर्बिणीतून आधी बघा

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, साउथ डकोटात, एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो. जूनअखेर आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. त्यानं आमच्या ह्यांच्यासाठी दोन दिवसांची प्रेअरी डॉगच्या शिकारीची सहल ठरवली आहे. गाइड सोबत, रायफली त्याच्याच. ह्यांनी कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू चालवली होती, त्यामुळे स्वारी हरखून गेलीय. मला मात्र ‘डॉग’ ऐकूनच कसंतरी झालं. हा कुत्रा असतो का? कायद्यात बसतं का? त्यांच्यात प्लेग असतो म्हणतात, ते खरं का? जावं की नाही? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : कुत्रा नव्हे. खारीच्या कुळातला प्राणी, अंगानं आपल्या घुशीएवढा, वजन किलोच्या आसपास. भुंकल्यासारखा ओरडतो म्हणून ते नाव पडलं. माळरानावर शेकडो बिळांची वस्ती करून राहतो आणि तिकडे त्या वस्तीला ‘टाऊन’च म्हणतात.

मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवत होते. 2013 साली मुलीकडे गेले असताना जावयांबरोबर अशाच एका सहलीला गेले, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. गाडीमागून ओढत आणलेलं फिरतं टेबल, त्यावर वाळूच्या पिशव्या आणि पिशव्यांवर जाड नळीची रायफल. एक नळी तापली की ती बाजूला ठेवून दुसरी घ्यायची. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण सेकंदाला हजार मीटरच्या वर वेगानं सुटते आणि लागली की फुटून तिचा चुरा होतो. जावई नेम धरायचे. मी तिकाठीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून ‘वीतभर डावीकडे’, ‘जरा खाली’ असं सांगायचे, कारण दोनशे मीटरवर वारा गोळीला ढकलतो. मारणाऱ्याला धक्क्यामुळे पुढचं धड दिसत नाही. दुर्बिणीवाल्याला सगळं दिसतं. एक पडला. शेजारच्या बिळातून दुसरा बाहेर आला आणि त्यानं पडलेल्याच्या तोंडाला तोंड लावलं. हे प्राणी एकमेकांना तसंच भेटतात, तसंच ओळखतात. मग तो तिथंच उभा राहिला. गाइडनं त्याच बिळाकडे बोट दाखवलं, आणि मी वाऱ्याचा अंदाज सांगितला. तोही पडला. त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. ते अजून मनात सलतं.

आता कायदा. काळ्या शेपटीच्या जातीला तिथले पशुपालक उपद्रवी धरतात आणि त्यांच्या खासगी कुरणावर मारायला परवानगी असते. (युटातली जात मात्र संरक्षित आहे.) अडचण प्राण्याची नाही, व्हिसाची आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत बंदूक जवळ बाळगायला सर्वसाधारण बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन असलं की सूट मिळते. हे तुमच्या यजमानांना लागू आहे तसंच भाच्यालाही, कारण एच-वन-बीसुद्धा तात्पुरताच. रायफल गाइडची आहे म्हणून लायसन चुकत नाही. तेव्हा आधी लायसन काढा आणि ते जवळ ठेवा. दुसरं, आठवण म्हणून काडतूस, अगदी रिकामंसुद्धा, बॅगेत घालू नका. विमानतळावर चौकशीत अडकाल.

प्लेगचं खरं आहे. त्याची गोष्ट आपल्या दारातूनच जाते. 1896 साली मुंबईत जो प्लेग शिरला, ज्याच्यावरची लस हाफकिननं इथंच 1897 साली तयार केली, त्याच साथीतला प्लेग जहाजांतून 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला आणि पुढे तिथल्या रानटी खारींत, उंदरांत मुरला. प्रेअरी डॉगला तो सोसतच नाही, वस्त्याच्या वस्त्या ओस पडतात. माणसाला पिसवा चावून तो होऊ शकतो. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर बरा होतो. मेलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही, पँट मोज्यांत खोचायची, कीटकरोधक लावायचं. परतल्यावर ताप आला किंवा जांघेत-काखेत गाठ आली तर डॉक्टरांना हा प्रवास आवर्जून सांगा. नेरूळच्या डॉक्टरांच्या मनात प्लेग सहजी येणार नाही.

जावं का? माझं मत, जाऊ नये. प्रेअरी डॉगच्या बिळांत घुबडं घरटी करतात. काळ्या पायांचा फेरेट, आपल्या मुंगसासारखा दिसणारा, जवळजवळ ह्यांच्यावरच जगतो. तो संपला असंच सगळे धरून चालले होते, पण 1981 साली वायोमिंगमध्ये एका पशुपालकाच्या कुत्र्यानं मेलेला एक घरी आणला, तेव्हा कळलं की थोडे उरलेत. पुढे त्यातले शेवटचे 18 पकडून त्यांचा वंश वाढवावा लागला. आणि मेलेले प्राणी कुरणातच पडून राहतात. गरुड, ससाणे ते खातात, तेव्हा त्या फुटलेल्या गोळीतला शिशाचा चुरा त्यांच्या पोटात जातो.

आम्ही ज्याच्या कुरणावर गेलो होतो, त्या पशुपालकाला मी खलनायक मानत नाही. त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी जेवले आहे. गुरांचा चारा हे प्राणी खातात ही त्याची तक्रार खोटी नाही. शिकारी पैसे देतात. ते आले नाहीत, तर तो झिंक फॉस्फाइड हे विष लावलेले ओटचे दाणे पसरतो आणि अख्खी वस्ती एकदम मरते. हा पेच मला सुटलेला नाही.

यजमान ऐकणारच नसतील, तर गाइडला दोन गोष्टी आजच विचारायला सांगा. शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या मिळतील का? आणि पहिल्या सकाळी रायफल बाहेर काढण्याआधी तासभर नुसतं बसता येईल का? त्या तासात एखादा मागच्या पायांवर उभा राहून, मान मागं टाकून ओरडेल, की शेजारचा ओरडेल, मग त्याच्या पलीकडचा, आणि बघता बघता ओरड वस्तीभर पसरत जाईल. हे त्यांनी आधी बघावं, मग ट्रिगरचं काय ते ठरवावं. फ्लेमिंगो बघायला नेरूळच्या तळ्यावर नेता तीच दुर्बीण पुरेल.