करडईवरचा मावा : फुगलेले किडे दिसले तर फवारणीआधी थांबा

प्रश्न (मंगळवेढा) : साहेब, करडईच्या कडेच्या ओळींत शेंड्यांवर काळा मावा बसलाय. मधे मधे काही किडे फुगून तपकिरी झालेत, हलत नाहीत. असे फुगलेले किडे दिसले की मित्रकीटक (माव्याला मारणारे) आलेत असं तुम्ही म्हणता, मग मावा हटत का नाही? काटे धरायच्या आत फवारू का?

उत्तर : तुमची घाई समजते. काटे धरले की करडईत पंप घेऊन शिरणं म्हणजे पिंढऱ्या सोलून घेणं. पण आधी एक शेंडा मोडून भिंगाखाली धरा. फुगलेल्या किड्याच्या पाठीवर बारीक गोल भोक दिसलं, तर परोपजीवी माशी (गांधीलमाशीच्या कुळातली, माव्याच्या अंगात वाढणारी) आपलं काम उरकून बाहेर पडली. भोक नसेल तर ती अजून आत वाढतेय. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची ही माशी पोट पायांखालून पुढे वाकवते आणि क्षणात माव्याच्या अंगात अंडं टोचते. अळी त्याला आतून खाते, उरतं ते नुसतं टरफल.

मावाही मुकाट मरत नाही. लाथा झाडतो, झाडावरून टपकन खाली पडतो. पाठीमागच्या दोन नळ्यांतून चिकट थेंब काढून माशीच्या तोंडाला फासतो. त्याच थेंबाच्या वासाने शेजारचे मावे सावध होतात. काहींचा बचाव तर पोटातच असतो. २००३ साली अमेरिकेत वाटाण्याच्या माव्यावर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की अंगात एक विशिष्ट जिवाणू असलेल्या माव्यात माशीची अळी वाढण्याआधीच मरते. पुढे कळलं, की हे काम त्या जिवाणूतल्या विषाणूमुळे होतं. चोराच्या घरात चोर म्हणा!

पण आपल्या शेतात माशीची खरी अडचण मुंग्यांची. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या राखण करतात, माशीला जवळ फिरकू देत नाहीत. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर माग काढत बांधापर्यंत जा आणि बीळ खोदून मोडा.

आता फवारणीचं. कडक औषध आत्ता सगळ्या रानात मारलंत तर उघड्यावर फिरणाऱ्या माशा आणि मावा खाणारे ढालकिडे जातील. वाचलेली मावा-मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, तिचा संसार परत उभा राहायला वेळ लागत नाही. तुमचा मावा अजून कडेलाच आहे ना? मग कडेच्या पट्ट्यावरच ५ टक्के निंबोळी अर्क मारा : ५ किलो निंबोळी पावडर, पाणी धरून १०० लिटर. फवारणी संध्याकाळी करा.

दहा झाडांना सुतळी बांधून ठेवा. चार दिवसांनी त्याच झाडांवर जिवंत मावा किती आणि फुगलेले किती ते मोजा. फुगलेले वाढले तर हात आवरा. जिवंत मावा वाढून आतल्या ओळींत सरकला, किंवा हवा ढगाळ राहिली, तर मात्र थांबू नका. करडईसाठी लेबलवर शिफारस असलेलं औषध, तिथल्याच मात्रेने घ्या. आणि पेरणी किती तारखेची ते कळवा, उशिरा पेरलेल्या करडईवर मावा जास्त येतो.